बाकावर कोरलेलं वाक्य

आमच्या क्विन्बी लँडिंगनं या वसंतात नदीकाठी ऑर्वल कीनच्या नावाचा बाक बसवला. चांगला भक्कम ओकचा बाक आहे. पाठीवर त्याचं नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल, आणि त्याखाली त्याचं म्हणून एक वाक्य कोरलंय: ‘मेलेला माणूस जड असतो. दुप्पट पडेल.’ लोक तिथं बसून फोटो काढतात आणि ते वाक्य मोठ्यानं म्हणून हसतात. मी अजून एकदाही त्या बाकावर बसलेले नाही. ते वाक्य ऑर्वलचं नव्हतं, माझं होतं. ते त्याचं कसं झालं हे सांगू शकेल असं आता माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही, आणि मीही ब्याऐंशीची झालेय, म्हणून लिहून टाकते.

ऑर्वल आमच्याकडं पशुखाद्याच्या दुकानात होता. सदतीस वर्षं एकाच दुकानात. पन्नास-पन्नास पौंडांची पोती उचलून लोकांच्या गाड्यांत टाकायची, आणि पोतं टाकून झालं की गाडीच्या टपावर दोनदा थाप मारायची. ती थाप म्हणजेच त्याचं ‘या पुन्हा’. तोंडानं तो ते क्वचितच म्हणायचा. चर्चमध्ये शेवटच्या रांगेत बसायचा, जेवणाच्या कार्यक्रमात सगळ्यांचं वाढून झाल्यावर ताट घ्यायचा. त्याची बायको बर्नाडीन मात्र बडबडी. ती म्हणायची, आमच्या घरात दोघांच्या वाट्याचं मी एकटीच बोलते, म्हणून मला दम लागतो.

आणि हाच माणूस दर जुलैत मैदानावर होणाऱ्या आमच्या नाटकातला खलनायक व्हायचा.

आमचं नाटक म्हणजे गावाच्या शंभरीला, १९५७ साली, शाळेतल्या मिस थर्स्टननं लिहिलेलं. पूल व्हायच्या आधीच्या काळाची गोष्ट. जेरेमाया ग्रब नावाचा एक लोभी नावाडी असतो, दोरावर चालणारी मोठी सपाट नाव त्याची. गाव त्याच्या मुठीत. महापूर येतो त्या दिवशी तो नावेचा दोर कापतो आणि अर्धं गाव पलीकडच्या काठावर अडकतं. मग तरुण नायक पोहत जातो वगैरे. नायकाचं काम कुणी केलं हे गावात कुणाच्या लक्षातही राहत नाही. लोक यायचे ते ग्रबसाठी. तो दिसला की हुर्यो उडवायची आणि त्याला मक्याच्या लाह्या फेकून मारायच्या, ही आमच्याकडची रीत. लाह्यांच्या पिशव्या अग्निशमन दल विकायचं, आणि त्या कमाईवर दलाचे दोन पंप आले होते. बर्नाडीन दर प्रयोगाला दोन पिशव्या घेऊन पहिल्या रांगेत बसायची आणि नवऱ्याच्या नाकावर नेम धरायची. प्रयोग संपला की ऑर्वल स्वतः झाडू घेऊन सगळ्या लाह्या गोळा करायचा आणि घरी कोंबड्यांना घालायचा. जुलैभर त्याच्या कोंबड्या दुसरं काही खायच्या नाहीत.

मी त्या नाटकाची प्रॉम्प्टर. पहिल्या रांगेच्या टोकाशी बसून अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं, हे माझं काम. १९७८ साली ते काम माझ्याकडं आलं, आणि त्याबरोबर नाटकाची मूळ प्रतही. मिस थर्स्टनच्या हातची, चहाचे डाग पडलेली, कडा कुरतडलेली वही. ती हातात घेतली की तुकडे पडायचे. मी शाळेच्या कचेरीतल्या मशीनवर तिच्या झेरॉक्स काढल्या, नवीन फायलीत लावल्या आणि ते जुनं बाड कचऱ्यात टाकून दिलं. नीटनेटकी म्हणून गावात माझा लौकिक होता. तो मी असा राखायचे.

त्या नाटकात ग्रबच्या तीन गोष्टी चांगल्या होत्या. पहिली म्हणजे, नावेतून कुणाची शवपेटी न्यायची असली की तो भाडं घेत नसे आणि हा काठ ते तो काठ टोपी काढून उभा राही. दुसरी, त्याच्याकडं एक लंगडं खेचर होतं, त्याला तो आपल्या ताटातला अर्धा पाव द्यायचा. आणि तिसरी, संध्याकाळ झाली की पलीकडून उशिरा येणाऱ्यांना धक्का दिसावा म्हणून तो खांबावर कंदील लावायचा. मी नवीन होते तेव्हा या तिन्ही प्रसंगांना मैदान गप्प व्हायचं. लोकांच्या हातातल्या लाह्या हातातच राहायच्या.

पण डॅरेलला तेच खुपायचं. डॅरेल म्हणजे अग्निशमन दलाचा आणि नाटक समितीचाही प्रमुख. त्याचं म्हणणं, लोक फेकायला येतात, गहिवरायला नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायचं. ग्रब वाईट म्हणजे वाईट, मध्येच हा चांगुलपणा कशाला? १९८४ साली नाटकातलं खेचर म्हातारपणानं गेलं, तेव्हा दुसरं शोधण्यापेक्षा मी तो प्रसंगच पेन्सिलीनं काढला. प्रयोग चार मिनिटांनी आटोपशीर झाला. १९९० साली कंदील गेला. जुलैत साडेआठपर्यंत ऊन असतं, ढळढळीत उजेडात कंदील लावताना पाहून बाहेरगावचे लोक हसायचे. दोन्ही वेळा ऑर्वल काही म्हणाला नाही. कंदील काढल्यावरही तो रोज सेटच्या मागं जाऊन एका खिळ्याला कंदील पेटवून टांगायचा. प्रेक्षकांना दिसत नसे, मला माझ्या जागेवरून दिसायचा. मला वाटायचं, नटांची असतात तशी याचीही काहीतरी अंधश्रद्धा असेल.

राहिली टोपी. १९९५ साली मी ती नुसती काढली नाही, उलटी केली. शवपेटी नावेत चढते, विधवा भाडं किती म्हणून विचारते, आणि ग्रब पेटीवर काठी आपटून म्हणतो, “मेलेला माणूस जड असतो. दुप्पट पडेल.” हे वाक्य मला कपडे वाळत घालताना सुचलं. मी एकटीच परसात उभी राहून हसले. डॅरेलला वाचून दाखवलं तर त्यानं टेबलावर हात मारला.

त्या दिवशी ऑर्वल पहिल्यांदा माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

“नोरीन, टोपी तेवढी राहू दे,” तो म्हणाला.

मी विचारलं का. त्यानं सांगितलं की त्याच्या आधी ग्रबचं काम करणारा हॅस्केल, आमचा औषधवाला, त्याला काम शिकवताना म्हणाला होता की बाकी काहीही बदला, या तीन गोष्टींना हात लावू नका, त्याचा कुणाला तरी शब्द दिलेला आहे. कुणाला, ते हॅस्केललाही नीट माहीत नव्हतं. आणि हॅस्केल तर केव्हाच वारला होता.

मला वाटलं, हे सगळं थोतांड. लोकांनी आपल्याला थोडं तरी चांगलं म्हणावं असं याला वाटतंय, आणि त्यासाठी मेलेल्या औषधवाल्याला पुढं करतोय.

“ज्याला शब्द दिलाय त्याला येऊन मागू दे,” मी म्हटलं. “तोवर दुप्पट.”

जाताना सवयीनं ऑर्वलनं माझ्या दाराच्या चौकटीवर दोनदा थाप मारली.

आणि जुलैत त्यानं ते वाक्य असं म्हटलं की मैदान उठून उभं राहिलं. पिशव्या पहिल्या अंकातच संपल्या. दुसऱ्या वर्षी लोक त्याच्याबरोबर ‘दुप्पट पडेल’ म्हणायला लागले, तिसऱ्या वर्षी त्याच्या आधी. शेजारच्या गावांतही कुणी महाग काही विकलं की लोक म्हणायचे, मेलेला माणूस जड असतो बरं का. मी मनातून अशी फुलायचे की काय सांगू. पण वाक्य कुणाचं असं कुणी विचारायचं नाही. सगळे धरूनच चालले की ते ऑर्वलचं. तेव्हा मला त्याचा रागही यायचा.

१९९९ सालचा तो रविवार होता, दुपारी अडीचचा प्रयोग. वीस मिनिटं आधी मैदानात पिवळे शर्ट घातलेलं एक अख्खं कुटुंब आलं, चौदा-पंधरा माणसं. सगळ्यांच्या छातीवर ‘अल्मा ९०’ असं छापलेलं. आमच्याकडं घरातल्या कुणा थोराचा वाढदिवस असला की सगळे असे एकसारखे शर्ट करतात. ती अल्मा चाकांच्या खुर्चीत होती. बारीक, ताठ, पिवळा शर्ट पांढऱ्या ब्लाऊजवरून घातलेला. तिला पहिल्या रांगेच्या टोकाला, बरोबर माझ्या शेजारी आणून ठेवलं. पोरं लाह्यांकडं पळाली.

तिनं मला विचारलं, या वर्षी खेचर खरं आहे का.

मी हसले. मी तिला सांगितलं की खेचर केव्हाच काढलं, कंदीलही काढला, आता ग्रब नखशिखांत दुष्ट आहे आणि लोकांना तसाच आवडतो. शेजारच्या टोपलीतली एक पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, “ही माझ्याकडून. चांगला नेम धरा.”

तिनं पिशवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“जेरेमाया ग्रब म्हणजे माझे वडील,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ग्रब काल्पनिक, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ती शांतपणे सांगत गेली. तिचे वडील ऑगस्ट विटमर. नाव चालवायचे, या गावात नावाडी तेवढा एकच. ती सहा वर्षांची असताना महापुरात वाहून आलेल्या झाडानं दोर तुटला. पलीकडं राहिलेल्यांना आणायला ते होडी घेऊन परत गेले आणि आलेच नाहीत. पुढं शंभरीच्या नाटकासाठी मिस थर्स्टन तिच्याकडं आली. म्हणाली, नाटकाला दुष्ट माणूस लागतो, आणि नदीच्या नाटकात तो नावाडीच असणार. तुमची हरकत असेल तर लिहीत नाही.

“मी म्हटलं, लिहा. नाव बदला, दोर कापायला लावा. पण टोपी, खेचर आणि कंदील, या तीन गोष्टी त्यांच्या आहेत, त्या काढायच्या नाहीत. बाईंनी माझ्यासमोर वहीच्या शेवटच्या पानामागं तसं लिहून घेतलं. पाच वर्षं मी दर जुलैला यायचे. दोर कापणारा माणूस कंदील लावायला लागला की लोक गप्प व्हायचे. मला तेवढं पुरायचं. मग मुलाकडं दूर ऑरेगॉनला गेले.” तिनं मागं वळून पिवळ्या शर्टांकडं पाहिलं. “या पोरांना सांगितलंय, तुमचे खापरपणजोबा बघायला चाललोय. टोपीकडं लक्ष ठेवा म्हटलंय.”

मी मांडीवरची फाईल उघडून शेवटचं पान काढलं आणि उलटं केलं. कोरं. पांढरं स्वच्छ. झेरॉक्स मी एकाच बाजूची काढली होती. दुसरी बाजू मी एकवीस वर्षांपूर्वी कचऱ्यात टाकली होती.

अल्मानंही ते कोरं पान पाहिलं. मी उठले आणि सेटच्या मागं पळाले, त्या वयात, गुडघे दुखत असताना.

ऑर्वल आरशासमोर मिशी चिकटवत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तो आरशातूनच ऐकत राहिला. मी त्याला चार वर्षांपूर्वी काय बोलले होते ते त्याला आठवलंच असणार. त्यानं ते तोंडावर फेकलं नाही.

“कुठं बसल्यात?”

“माझ्या शेजारी. खुर्चीत.”

“मग टोपी काढतो,” तो म्हणाला. “कंदीलही पुढं घेतो. खेचराचं आता काही करता येणार नाही.”

मी जागेवर येऊन बसले. देवाशप्पथ, मला वाटलं की आता सगळं सावरेल.

ग्रब आला, हुर्यो उडाली, लाह्यांचा पाऊस पडला. पिवळे शर्टही फेकत होते, पोरंच ती. अल्मा पिशवीवर हात ठेवून बसली होती. मग शवपेटी नावेत चढली. विधवेनं भाडं विचारलं. ऑर्वलनं काठी खाली ठेवली. टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घालून उभा राहिला.

मैदान थांबलं. एक श्वास, दोन श्वास. आणि इथं जे झालं ते मला मरेपर्यंत पुरेल. वीस वर्षं मी एकच काम केलं होतं. नट बोलायचा थांबला की तिसऱ्या श्वासाला वाक्य द्यायचं. ते डोक्यातून होत नाही, तोंडातून होतं. माझ्या मनात टोपी होती, शेजारी त्या नावाड्याची मुलगी होती, आणि माझ्याच तोंडातून ठणठणीत आवाजात बाहेर पडलं:

“मेलेला माणूस जड असतो.”

आणि तीनशे माणसांनी एका सुरात ते पुरं केलं. “दुप्पट पडेल!”

त्यात पिवळे शर्टही होते. त्यांना वाक्य माहीत नव्हतं, पण दुसऱ्यांदा मैदान ओरडलं तेव्हा ती पोरंही ओरडली. दुप्पट, दुप्पट. ऑर्वल हलला नाही. लाह्या त्याच्या टकलावर, मिशीवर, टोपीत पडत होत्या. सेटवरची नाव या काठावरून त्या काठावर जायला दोन मिनिटं लागतात. ती दोन्ही मिनिटं तो तसाच उभा होता आणि ती दोन्ही मिनिटं लोक त्याला मारत होते. बर्नाडीनसुद्धा.

पुढं त्यानं कंदील आणला. भर उन्हात ज्योत दिसतही नव्हती. तो खांबाला टांगायला लागला तसं डॅरेल मागून ओरडला, “पळा, आता हा नावेला आग लावतोय!” मैदान हसून लोळलं. मला अल्माकडं बघायचा धीर झाला नाही.

प्रयोग संपल्यावर ऑर्वल मिशी न काढता थेट तिच्याकडं आला. टोपी हातातच होती. तो काही बोलायच्या आत पिवळ्या शर्टातली एक मुलगी, आठेक वर्षांची, धावत आली आणि त्याला बिलगलीच.

“तू किती घाणेरडा आहेस,” ती आनंदानं म्हणाली. “तू टोपी काढलीस ना, मला वाटलं आता पेटीतलं काहीतरी चोरणार.”

ऑर्वलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता कुणीतरी तिला सांगावं, की अगं, टोपी काढणारा तोच तुझा खापरपणजोबा. पण अल्मा नुसती तिच्याकडं पाहत राहिली. नव्वद वर्षांच्या बाईनं काय काय समजावून सांगायचं? त्या मुलीच्या आईनं तिला गाडीकडं नेलं.

मग अल्मानं मला विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं.

“ते दुप्पटचं वाक्य. मिस थर्स्टननं तसं लिहिलं नव्हतं. कुणाचं आहे?”

मला फक्त एक शब्द बोलायचा होता. माझं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “नाटक आहे हो, वर्षानुवर्षं असं काही ना काही वाढत जातं. नेमकं कुणाचं ते...” आणि मी नुसतेच हात हलवले.

ऑर्वलनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं.

“माझं आहे ते, बाई,” तो तिला म्हणाला. “एका वर्षी तोंडाला आलं ते बोलून गेलो. लोक हसले, मग तेच ठेवलं.”

मी तिथंच उभी होते, दोघांपासून हातभर अंतरावर. आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला सांगत होते. पण ऐकणारी जणू कुणी वेगळीच बाई होती.

अल्मानं मांडीवरची लाह्यांची पिशवी उचलली. ती तशीच बंद होती. ती तिनं ऑर्वलच्या हातातल्या टोपीत ठेवली.

“मग आज टोपी तरी कशाला काढलीत?” ती म्हणाली.

त्यानं मान लववली आणि झाडू आणायला गेला.

मग ती माझ्याकडं वळली. तिचे डोळे भरले होते. तिनं आपला हात पुढं केला.

“तुम्ही निदान ऐकून घेतलंत, पळत गेलात,” ती म्हणाली. “गावात एक तरी चांगलं माणूस भेटलं.”

पलीकडं ऑर्वल लाह्या झाडत होता, त्याला हे ऐकू येत होतं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, त्यात काय एवढं.